हरल्यावर उघडायचं पाकीट

मित्रविहार फुटबॉल क्लबात एक नियम होता आणि तो आप्पासाहेबांनी केलेला होता, म्हणजे बदलण्याचा प्रश्नच नव्हता. सामन्याआधी मॅनेजरने अकरा जणांची नावं आणि प्रत्येकाला का घेतलं याचं कारण कागदावर लिहायचं. कागद क्लबचा शिक्का असलेल्या पाकिटात घालून चिकटवायचा आणि पाकिटाच्या तोंडावर संघातल्या वयाने सगळ्यांत लहान खेळाडूची सही घ्यायची. सामना जिंकला किंवा बरोबरीत सुटला, तर पाकीट न उघडता फाडून टाकायचं. हरला, तर त्याच दिवशी संध्याकाळी पाचला नारायण पेठेतल्या क्लबच्या खोलीत सभा, आणि सही करणाऱ्यानेच पाकीट उघडून ते मोठ्याने वाचायचं.

आप्पासाहेबांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत लोकांची कारणं ऐकण्यात घालवली होती. "हरल्यावर सुचतं ते कारण नसतं, सबब असते," असं ते म्हणत. सही सगळ्यांत लहानाचीच का, तर त्याला खोटं बोलायला अजून पुरेसा वेळ मिळालेला नसतो म्हणून. खोलीच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली एक पाटी होती: 'पंच वाईट होते, हे कारण येथे चालणार नाही. आपण काय होतो ते सांगावे.'

तर त्या रविवारी दुपारी तीन वाजता, सभेला दोन तास असताना, क्लबचे मॅनेजर सुदर्शन त्या पाटीखाली एकटे उभे होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सकाळी मित्रविहार हरलं होतं. तेही कुणाकडून, तर मोसमातले नऊच्या नऊ सामने हरलेल्या संघाकडून. पहिल्या श्रेणीत टिकायला नुसती बरोबरी पुरली असती. शेवटचा एक सामना हातात होता, पण आता तो जिंकावाच लागणार होता. दोन्ही गोल आपल्या उजव्या बाजूने झाले होते. उजव्या बाजूला, राइट बॅकच्या जागी, सुदर्शनचा मुलगा ऋषी होता. त्या जागेवर खेळायला हवा होता तो पोपट पूर्ण नव्वद मिनिटं बाहेर बाकावर बसून चिखलातल्या बुटांच्या नाड्या सोडत-बांधत होता.

असं का, हे आधीच्या दोन पराभवांनंतरही सभेत विचारलं गेलं होतं. संघात वयाने सगळ्यांत लहान तोच, म्हणून दोन्ही वेळा ऋषीनेच पाकीट उघडून स्वतःबद्दल वाचलं होतं, "ऋषी: वेगवान, दोन्ही पायांनी चेंडू मारतो." पोरं खाली माना घालून हसली होती. ऋषीचा डावा पाय फक्त उभं राहायच्या कामाचा आहे, हे क्लबच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

यावेळी सुदर्शननी खरं लिहिलं होतं. नऊ सामने हरलेल्यांकडून आपण काही हरत नाही, पाकीट फाटणारच आहे, मग एकदा तरी कागदावर खरं उतरू दे, असं त्यांना शनिवारी संध्याकाळी वाटलं. खोटं लिहून लिहून त्यांना स्वतःच्या अक्षराचा वीट आला होता. लिहून झाल्यावर मन हलकं झालं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना शांत झोप लागली. मोठा शहाणा माणूस! ज्या नियमाखाली सात वर्षं काढली, त्यातच त्याने आपली मान नेऊन दिली.

त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. एक किल्ली स्कूटरची, एक क्लबच्या खोलीची आणि एक वारज्याच्या घरातल्या कपाटाची. ती तिसरी किल्ली दोन वर्षांत वापरली गेली नव्हती. बॉल आणि जर्सी ठेवायला म्हणून ते आले होते, निदान जिना चढताना त्यांनी स्वतःला तसं सांगितलं होतं. सकाळचं पाकीट चिटणीस जयाताईंच्या टेबलाच्या खणात होतं. खणाला कुलूप नव्हतं. असं काही कुणी करील, हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुदर्शननी पाकीट काढून शर्टाच्या आत घातलं. त्याच खणातलं शिक्का मारलेलं दुसरं कोरं पाकीट घेतलं. नवा कागद भरला. बाकी दहा नावं आणि कारणं तीच. अकराव्या नावापाशी मात्र पेन अडलं. सभा विचारणार ते पोपटबद्दल, तेव्हा उत्तर पोपटबद्दलच हवं. त्यांनी लिहिलं, "पोपट डेअरीतली रात्रपाळी करून थेट मैदानावर येतो. दमलेला असतो. म्हणून ऋषी."

पोपट कात्रजच्या डेअरीत कामाला होता आणि रात्रपाळी करायचा, एवढं खरं होतं. बाकीचं खोटं होतं. या सामन्यासाठी त्याने पाळी बदलून घेतली होती आणि मंगळवारी फोन करून ते सुदर्शननाच सांगितलं होतं.

पाकीट चिकटवून त्यांनी त्यावर ऋषीची सही केली. ती अवघड नव्हती. ऋषी दहा वर्षांचा असताना त्याचं बँकेत खातं उघडलं, तेव्हा सही कशी करायची ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. 'ऋ'चा पाय लांब ओढायचा आणि खाली एकच रेघ मारायची. त्या दिवशी पोराने वर्तमानपत्राचा अख्खा समास सह्यांनी भरून टाकला होता. आता त्याच वळणाने पेन फिरवून सुदर्शननी सही पूर्ण केली.

पाचच्या आधीच खोली भरली. एकोणीस माणसं, त्यांत खेळाडू अकरा. ओल्या मोज्यांचा वास सुटला होता. आप्पासाहेब खुर्चीत, जयाताई सभेची वही उघडून शेजारी. पोपट दाराजवळ उभा होता. ऋषी खिडकीपाशी. त्याच्या गुडघ्यावर खरचटल्याची लाल रेघ होती. सुदर्शननी त्याच्याकडे पाहिलं नाही. नियमाप्रमाणे पाकीट वाचून होईपर्यंत मॅनेजरने मूग गिळून बसायचं असतं आणि आज तो नियम त्यांना फार सोयीचा वाटला.

"बोला," आप्पासाहेब म्हणाले. "का हरलो? एकेकाने. ओरडायचं असेल तर खाली रस्ता मोकळा आहे."

"मिडफिल्ड नव्हतंच," एक जण म्हणाला. "चौघं आपापल्या घरी असल्यासारखे फिरत होते."

"मैदानात चिखल होता."

"समोरच्या संघाला दुसरं मैदान दिलं होतं का?" आप्पासाहेबांनी विचारलं. चिखलवाला खाली बसला.

मग राकेश उठला. राकेश क्लबचा जुना सेंटर फॉरवर्ड. आता पोट सुटलं होतं आणि बांधकामाचे ठेके घेत होता, पण मैदानावर अजून आपणच आहोत असं त्याला वाटे. "आप्पासाहेब, दोन्ही गोल एकाच बाजूने आले. पहिल्यात विंगर ऋषीला सोडून असा पुढे गेला, जसा काही हा तिथे नव्हताच. दुसऱ्यात ऋषी उलट्या पायावर सापडला. माझा राग ऋषीवर नाही. पोरगा जीव तोडून पळतो. माझा प्रश्न हा आहे की पोपट बाहेर का? गेल्या वर्षी या पोपटच्या बाजूने सबंध मोसमात दोन गोल झाले होते. दोन! आज पंचवीस मिनिटांत तेवढे झाले. आम्ही काय समजायचं?"

"काय समजायचं ते सगळ्यांना समजलंय," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. सुदर्शनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"जयाताई, पाकीट," आप्पासाहेब म्हणाले.

जयाताईंनी खणातून पाकीट काढलं आणि ऋषीला दिलं. "वा," त्या सहज म्हणाल्या, "एवढ्या पावसात पाकीट बरं कोरडं राहिलं."

ऋषीने पाकीट घेतलं. सहीवर नजर टाकली. मग त्याचा अंगठा पाकिटाच्या कोपऱ्यावर गेला, तिथे एकदा फिरला, पुन्हा फिरला. काहीतरी शोधत असल्यासारखा.

आणि सुदर्शनना आठवलं. सकाळी मैदानावर सही करताना ऋषीचा हात चिखलाने भरला होता. पाकिटाच्या कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटला होता. ते पाकीट आत्ता सुदर्शनच्या शर्टाच्या आत, छातीला चिकटून होतं. हे नवं पाकीट अगदी कोरं करकरीत होतं.

ऋषीने वर पाहिलं. सरळ वडिलांकडे. फार वेळ नाही, श्वास घेण्याइतका. त्याला सगळं कळलं होतं, हे सुदर्शनना त्या एका नजरेत कळलं.

आता तो बोलणार. ही सही माझी नाही म्हणणार. सुदर्शननी खुर्चीची कड घट्ट धरली.

ऋषीने पाकीट फाडलं आणि वाचायला सुरुवात केली. गोलकीपर, दोन सेंटर बॅक, लेफ्ट बॅक. आवाज नेहमीसारखाच. मग पुढचे सहा, आणि शेवटी अकरावं नाव. "राइट बॅक. पोपट डेअरीतली रात्रपाळी करून थेट मैदानावर येतो. दमलेला असतो. म्हणून ऋषी."

"कोण दमलेलं?" पोपट दारातून दोन पावलं पुढे आला. "सर, मी पाळी बदललेली हाय. आठ दिवस झाले, दिवसपाळीच करतोय. मंगळवारी तुम्हालाच फोन लावून सांगितलं की. काल रात्री नऊ वाजता झोपलोय मी. आईला इचारा."

"सुदर्शनराव," आप्पासाहेब म्हणाले. "आता आपण बोलू शकता. याने फोन केला होता?"

खोलीतले सगळे डोळे त्यांच्याकडे वळले. पोपटचेही. त्या डोळ्यांत राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. सर विसरले असतील, असंच त्याला अजून वाटत होतं.

"बोलणं झालं होतं," सुदर्शन म्हणाले. "पण पाळी बदलल्याचं... तसं स्पष्ट काही माझ्या लक्षात नाही."

स्वतःच्या तोंडून निघालेलं हे वाक्य ऐकून त्यांना किळस आली. पण ते निघून गेलं होतं.

पोपटने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. फोनवरच्या शब्दांना साक्षीदार नसतो.

राकेशचा मात्र सगळा सूरच पालटला. असतात अशी माणसं. कारण मिळालं की यांचा जीव भांड्यात पडतो, मग ते कुणाच्या मानेवर बसतंय हे ती बघत नाहीत. "असं असेल तर मॅनेजरचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पुढचा सामना जिंकायचाच आहे. त्यात गोंधळ नको. माझा ठराव आहे, रात्रपाळी करणाऱ्या खेळाडूला या मोसमात अकरांत घेऊ नये. जयाताई, लिहून घ्या."

"मला पुढच्या रविवारची पण सुट्टी भेटली हाय," पोपट म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "दोन रविवारांसाठी मी त्या साहेबाच्या किती मिनतवाऱ्या केल्या, तुम्हाला ठाऊक हाय का? तीन वर्षं खेळतोय मी इथं. एकदा उशिरा आलोय का? एकदा?"

"व्यक्तीवर बोलू नका, ठरावावर बोला," राकेश म्हणाला.

"मग माझंच नाव घ्या की सरळ! रात्रपाळी करणारा इथं दुसरा हाय कोण?"

आप्पासाहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "ठरावाला अनुमोदन आहे? आहे. मग मत घेऊ. बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

राकेशचा हात वर गेला. मग आणखी दोन. थोडं थांबून चौथा, पाचवा. लोकांना घरी जायचं होतं. सुदर्शन मोजत नव्हते. ते खिडकीकडे पाहत होते.

ऋषीचा हात वर गेला.

तो सरळ, पूर्ण वर गेला. ऋषी खाली जमिनीकडे पाहत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. पोपट त्याचा मित्र होता. सराव संपल्यावर दोघं एकाच बाटलीतून पाणी पीत. पोपटने त्याला विंगर कसा अडवायचा ते शिकवलं होतं, सुदर्शनपेक्षाही जास्त शिकवलं होतं. आणि आता बापाची लाज झाकायला हे पोरगं त्याच पोपटवर हात उचलून उभं होतं. सगळ्यांत लहानाला खोटं बोलायला वेळ मिळालेला नसतो म्हणतात. याला तो वेळ आज मिळाला होता, आणि तो देणारे आपण आहोत, हे सुदर्शनना इतकं लख्ख दिसलं की त्यांना बसवेना.

"हात खाली घे," ते म्हणाले.

"मतदान चालू आहे, सुदर्शनराव," आप्पासाहेब म्हणाले.

"ऋषी, हात खाली घे. ते पाकीट खोटं आहे." त्यांनी शर्टात हात घातला. पाकीट घामाने ओलं झालं होतं. ते टेबलावर ठेवताना कोपऱ्यातला अंगठ्याचा ठसा वर आला. "हे खरं. दुपारी मी बदललं. वरची सही मी केली. पोपटने मला फोन केला होता. पाळी बदललीय हे त्याने स्पष्ट सांगितलं होतं, मी ते ऐकलंही होतं."

जयाताईंचं पेन वहीवर टेकलेलं होतं आणि त्याखाली शाईचा ठिपका पसरत होता.

"नियम काय आहे?" आप्पासाहेब म्हणाले. "सही करणाऱ्याने वाचायचं."

"आप्पासाहेब, हे मी वाचतो," सुदर्शन म्हणाले. "त्याला नको."

"आपण आज एका नियमाची पुरेशी सेवा केलीत. ऋषी, वाच."

ऋषीने पाकीट उचललं. सही पाहिली. ठशावर अंगठा ठेवला, तो बरोबर बसला. मग त्याने ते फाडलं. दहा नावांवरून त्याची नजर झरझर उतरली आणि शेवटच्या नावापाशी थांबली. सुदर्शनना वाटलं, वाचू नकोस, फेकून दे, पळून जा. पण पोराने वाचलं. एकेक शब्द, मोठ्याने.

"राइट बॅक. ऋषी या जागेच्या लायकीचा नाही. पोपट आहे. ऋषीला घेतो कारण तो माझा मुलगा आहे. त्याची आई गेल्यापासून आम्ही दोघं फुटबॉलशिवाय कशावरही बोललेलो नाही. त्याला बाहेर बसवलं, तर तेही बंद होईल. मला त्याची भीती वाटते. संघाचा यात दोष नाही."

त्याने कागद होता तसा घडी घालून टेबलावर ठेवला.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बावीस वर्षं मी ही पाकिटं ऐकतोय," ते म्हणाले. "इतकं वाईट कारण कुणी लिहिलं नाही. आणि इतकं खरंही. राकेशराव, आपला ठराव?"

"मागे घेतो," राकेश पुटपुटला.

"सुदर्शनराव, राजीनामा उद्यापर्यंत द्या. लेखी. कारण लिहायची गरज नाही, ते आमच्याकडे आहे. रविवारी पोपट राइट बॅक खेळेल. सभा संपली."

लोक उठले. सुदर्शन दारापाशी पोपटसमोर थांबले. "पोपट, मी तुझं नाव—"

"सर, आत्ता नका बोलू," पोपट म्हणाला. "आत्ता मी कायतरी वाईट बोलंन." तो जिना उतरून गेला. खाली त्याने ऋषीच्या पाठीत एक रट्टा घातला, जोरात, मैत्रीचा की रागाचा ते वरून कळलं नाही.

सुदर्शन खाली आले तेव्हा ऋषी स्कूटरजवळ उभा होता. हेल्मेट हातात. त्याने थांबायचं काही कारण नव्हतं. कोपऱ्यावरून वारज्याची बस मिळाली असती.

"बाबा," तो म्हणाला. "मला पहिल्या मॅचपासून माहितीये. की मला जमत नाही."

"मग सांगायचंस ना."

"काय सांगायचं? मला कॉलेज सुरू झालं तेव्हाच फुटबॉल सोडायचं होतं. मला नाही आवडत एवढं. सकाळी साडेपाचला उठून चिखलात पळायला कुणाला आवडतं?" त्याने हेल्मेटचा पट्टा ओढला, सोडला. "पण जाता-येता स्कूटरवर तू बोलायचास. आज काय चुकलं, उद्या काय करायचं. घरी आलो की गप्प. मला वाटलं, मी सोडलं तर तू स्कूटरवर पण गप्प बसशील."

दोन वर्षं. या मोसमातली पोपटची जागा, संघाचे तीन पराभव, पहाटेची ती थंडी, ती खोटी कारणं, सगळं दोघांनी एकमेकांना न विचारता एकमेकांसाठी केलं होतं. आणि त्याची किंमत पोपटने बाकावर बसून मोजली होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते भर रस्त्यात येऊ दिलं. पायरीवर गप्पा मारणाऱ्या दोघांनी मान वळवून पाहिलं आणि परत गप्पा सुरू केल्या.

"चल," थोड्या वेळाने ऋषी म्हणाला. "मी चालवतो. किल्ली दे."

सुदर्शननी जुडगा पुढे केला. ऋषीने तो घेतला, पण स्कूटरची किल्ली शोधली नाही. क्लबची किल्ली कडीतून काढून त्याने वडिलांच्या हातावर ठेवली. ती आता परत करायची होती. मग तिसरी किल्ली बोटात धरून तो तसाच उभा राहिला.

"आईचं कपाट आपण अजून उघडलंच नाहीये," तो म्हणाला. "घरी गेल्यावर उघडायचं का?"

"हो," सुदर्शन म्हणाले. "उघडू."

सगळ्या रस्त्याने ऋषी एक शब्द बोलला नाही. वारज्याच्या पुलाखाली सिग्नलला थांबल्यावर मात्र त्याने मान मागे वळवून विचारलं, "तिची ती निळी साडी त्यातच असेल ना?" आणि सिग्नल सुटेपर्यंत सुदर्शन त्याला त्या साडीबद्दल सांगत राहिले.